काजव्याच्या उरलेल्या अकरा महिन्यांसाठी: छोट्या संस्थेने काम कसे उभारावे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची या बाजूंच्या रस्त्यांवर संध्याकाळपासून गाड्यांची रीघ लागते, आणि मृगाचा पाऊस एकदा धरून लागला की ती तितक्याच झपाट्याने ओसरते. काजव्यांसाठी काहीतरी करायला हवे, असे पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटते तेही बहुधा याच तीन-चार आठवड्यांत. त्या उत्साहात एखादा गट तयार होतो, माहितीफलक छापले जातात, एक जनजागृती फेरी निघते आणि जुलैमध्ये सगळे आपापल्या कामाला लागतात. काजवा मात्र जुलैपासून पुढच्या मेपर्यंत तिथेच असतो. तो फक्त आपल्याला दिसत नाही. ज्या संस्थेला त्याच्यासाठी खरोखर काम करायचे आहे तिने आपले वेळापत्रक या न दिसणाऱ्या महिन्यांभोवती बांधावे, एवढे एकच सूत्र धरून पुढचे लिहिले आहे. उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागाचे, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे आणि त्याच्या काठच्या गावांचे घेतले आहे. मावळात, कोकणात किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काम करणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

काजवा वर्षभर कुठे असतो

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक आहे आणि जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मादी ओलसर मातीत, शेवाळात किंवा पालापाचोळ्याखाली अंडी घालते आणि काही आठवड्यांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. काजव्याचे आयुष्य म्हणजे मुख्यतः हीच अळी. ती शिकारी असते. गोगलगाय, बिनशंखाची गोगलगाय, गांडूळ असे मऊ अंगाचे प्राणी ती खाते, आणि भक्ष्य तिच्यापेक्षा कितीतरी मोठे असले तरी मागे हटत नाही: गोगलगाईच्या मागावर जाऊन ती जबड्यांनी विष टोचते, भक्ष्य लुळे पडले की पाचकरस सोडून त्याचे मांस पातळ करते आणि मग ते शोषून घेते. बऱ्याच जातींचे पूर्ण वाढ झालेले काजवे जवळजवळ काहीच खात नाहीत. अळीने महिनोन्महिने साठवलेल्या शिदोरीवर त्यांची ती दोन-तीन आठवड्यांची दिवाळी साजरी होते. उन्हाळ्याच्या शेवटी अळी मातीत कोष करते आणि पावसाआधीच्या दमट हवेत कीटक बाहेर पडतो.

अळीही प्रकाशते, ही गोष्ट गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते आणि आपल्या कार्यकर्त्यांना सहसा नसते. सप्टेंबरमध्ये पावसाने उघडीप दिली की अंधार पडल्यावर भाताच्या बांधावर बॅटरी बंद करून दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की गवताच्या बुडाशी एखादा हिरवट ठिपका हळूहळू उजळतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि विझतो. जूनमधल्या झाडावरची ती लखलख त्यात नसते. नवीन कार्यकर्त्याला काजव्यांच्या कामाची ओळख करून द्यायची असेल तर महोत्सवात न नेता अशा बांधावर न्यावे, असा माझा आग्रह आहे.

२०२० साली काजव्यांच्या अभ्यासकांनी जगभरच्या जाणकारांची मते घेऊन जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत अधिवासाचा नाश हा सर्वांत मोठा धोका ठरला, त्याखालोखाल रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि त्यानंतर कीटकनाशके. कीटकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा जुना अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील झर्सीज सोसायटी १९७१ मध्ये स्थापन झाली आणि तिने नाव घेतले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवरून कायमच्या नाहीशा झालेल्या झर्सीज ब्ल्यू या फुलपाखराचे. त्या टेकड्यांवर शहर वसत गेले आणि फुलपाखराला जागाच उरली नाही. या संस्थेने २०२२ मध्ये काजव्यांच्या नोंदींसाठी फायरफ्लाय अ‍ॅटलस हा उपक्रमही सुरू केला. आपल्याकडे तितकी साधने नाहीत, पण त्यामागचा क्रम घेता येण्यासारखा आहे: आधी नोंद, मग जागेचे रक्षण आणि सर्वांत शेवटी प्रचार.

नोंदणीची घाई नको

संस्था काढायची म्हणजे आधी घटना आणि नोंदणी, असा आपल्याकडे समज आहे. माझ्या मते पहिले वर्ष नोंदणीशिवाय काढावे आणि गावात आधीपासून असलेल्या यंत्रणेच्या छत्राखाली काम करावे. जैविक विविधता कायदा, २००२ यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. कितीतरी गावांत ही समिती कागदावरच असते आणि नोंदवही कपाटात, तरीही ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) जाऊन ती पाहायला मागावी. काजव्याचा उल्लेख तीत नसेल तर आपल्या पहिल्या वर्षाच्या नोंदी समितीमार्फत त्या वहीत उतरवणे हेच पहिले काम समजावे. वहीत आलेली गोष्ट पुढे ठरावात, आराखड्यात आणि वनविभागाच्या पत्रव्यवहारात मांडता येते. आपल्या लॅपटॉपमधली गोष्ट तशी मांडता येत नाही.

अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकण्याआधी वनविभागाला लेखी कळवणे टाळू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या कलम २८ प्रमाणे अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी अभयारण्यात प्रवेशाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांनी द्यावयाची असते. काजवे बाटलीत भरून शाळेत दाखवायला नेणे हा तर कोणत्याही परिस्थितीत उपक्रम होऊ शकत नाही. हद्दीबाहेरच्या मालकीच्या शेतांत आणि गावठाणात मोजणी करणे सोपे जाते, म्हणून सुरुवात तिथून करावी.

मोजणी: वही, घड्याळ आणि पुठ्ठ्याची चौकट

एका गावात दहा ठिकाणे निवडावीत. ती निवडताना जिथे काजवे भरपूर दिसतात अशीच दहा झाडे घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. ओढ्याकाठचा उंबर, देवराईची कड, भातखाचराचा बांध, शाळेमागचे मैदान, दिव्याच्या खांबाजवळचे जांभळाचे झाड, असे चांगले-वाईट मिसळून घ्यावे. झाडांना खिळे ठोकून पाट्या लावू नयेत. फोनमध्ये जागा टिपून ठेवली आणि वहीत ओबडधोबड नकाशा काढला की पुरते. या भागात काजवे सादडा, हिरडा, बेहडा, आंबा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर दाटी करतात, म्हणून झाडाचे नाव गावातल्या बोलीत जसे असेल तसेच लिहावे.

जूनमध्ये तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणून आठपासून साडेनऊपर्यंतची वेळ मोजणीला बरी. निरीक्षकाने ठरलेल्या जागी उभे राहून डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि तोवर फोन खिशातून काढू नये. मग जाड पुठ्ठ्यात कापलेली वहीच्या पानाएवढी खिडकी हात लांब करून झाडासमोर धरावी आणि तिच्या आत दहा सेकंदांत किती चमका दिसल्या ते मोजावे. असे तीन वेळा, मध्ये मिनिटभर थांबून, करावे आणि तिन्ही आकडे लिहावेत. सरासरी घरी गेल्यावर काढावी. चमका मोजण्यापलीकडे असतील तर ‘शंभरावर’ असे लिहून मोकळे व्हावे, उगाच अंदाजाने तीनशे-चारशे लिहू नये. या पद्धतीने गावात किती काजवे आहेत ते कळत नाही. कळते ते एवढेच, की त्याच झाडावर, त्याच वेळी, गेल्या वर्षापेक्षा चमका कमी दिसल्या की जास्त, आणि आपल्याला हवे आहे तेही तेवढेच.

तिथी लिहायला विसरू नये. आमच्या पहिल्या वर्षी एका वाडीतली मोजणी अमावास्येच्या आसपास ढगाळ हवेत झाली आणि दुसऱ्या वाडीतली पौर्णिमेच्या टिपूर चांदण्यात, कारण कार्यकर्त्यांना शनिवारच मोकळे होते. आम्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले आणि दुसऱ्या वाडीतले काजवे संपत चालले, असा निष्कर्ष गावाच्या बैठकीत वाचून दाखवला. मागे बसलेली एक आजी म्हणाली, “चांदणं पडल्यावर काजवा कशाला दिवा लावंल?” बैठक हसली आणि आमची ती मोजणी तिथेच बाद झाली. तेव्हापासून तिथी, ढग, वारा, दिवसा पडलेला पाऊस आणि त्या जागेवरून दिसणारे दिवे असे पाच रकाने आमच्या वहीत कायम आहेत, आणि मोजणी आठवड्यातून दोनदा पाच आठवडे होते.

याला जोडून ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अळ्यांची मोजणी ठेवावी. पन्नास मीटरचा एक बांध ठरवून आठवड्यातून एकदा तो अंधारात हळू चालत जावा आणि जमिनीवरचे प्रकाशाचे ठिपके मोजावेत. आकडे लहान येतात, कधी शून्य येतात, आणि शून्य लिहायची सवय लागणे हीच या कामातली अर्धी शिस्त आहे. पायांत गमबूट हवेत आणि बरोबर गावातला माणूस हवा. या बांधांवर फुरसे हा विषारी साप असतो.

दिवे

दिव्यांचा प्रश्न सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त भांडणे तिथेच होतात. नर चमकून खूण करतो, मादी गवतातून किंवा पानावरून उत्तर देते, आणि दोघांमधली ही बोलणी उजेडात हरवतात. त्यामुळे ज्या झाडावर खांबाचा उजेड पडतो ते झाड काजव्यांच्या दृष्टीने रिकामेच. अलीकडे गावागावांत लोकप्रतिनिधींच्या निधीतून हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे प्रखर दिवे, उभे राहिले आहेत, आणि त्यांतला एक दिवा देवराईच्या कडेपर्यंत पोहोचतो.

परंतु उजेड नको असे गावाला सांगण्याआधी त्या गावाला उजेड किती उशिरा मिळाला याचा विचार करावा. बिबट्या, साप आणि रात्री-अपरात्री पाण्याच्या मोटारीवर जाणारी माणसे यांची काळजी खरी आहे. म्हणून मागणी मोजकी ठेवावी. एका रात्री गावातले सगळे दिवे फिरून पाहावेत आणि प्रत्येकाचा क्रमांक, तोंड कुणीकडे आहे, उजेड कुठवर जातो आणि बिल कोण भरतो ते लिहावे. बहुतेक वेळा त्रास देणारे दिवे तीन-चारच निघतात. त्यांवर पत्र्याची टोपी बसवून उजेड खाली पाडता येतो, आणि काजव्यांच्या चार-पाच आठवड्यांत रात्री आठ ते साडेदहा ते बंद ठेवायला साधा टायमर पुरतो. पिवळा किंवा तांबडा दिवा लावला की काम झाले असे काही जण सांगतात. पांढऱ्या दिव्यापेक्षा तो बरा असेल, पण काजव्याचा स्वतःचा प्रकाशही पिवळ्या-हिरव्या छटेचाच असतो, तेव्हा विझवलेल्या दिव्याला पर्याय नाही.

हा ठराव १ मेच्या ग्रामसभेत मांडावा, कारण हंगामाआधीची ती शेवटची ठरलेली ग्रामसभा. त्यासाठी विषय आठवडाभर आधी लेखी द्यावा लागतो. आयत्या वेळच्या विषयांत टाकलेला ठराव चहा येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. अकोल्याच्या पश्चिमेकडील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या) कायद्यामुळे तिथल्या ग्रामसभेच्या शब्दाला अधिक वजन आहे, हेही ध्यानात ठेवावे.

राब, वणवा आणि पाचोळा

खरे काम इथे आहे, आणि बाहेरून आलेली संस्था चुकते तीही इथेच. सह्याद्रीच्या या पट्ट्यात भाताची आणि नाचणीची रोपे करण्यासाठी राब भाजतात: उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून त्यांचा कवळ, वाळलेला पाला, शेण आणि गवत रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरून पेटवतात. त्याने तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने येते. कवळासाठी तोडला जातो तो प्रामुख्याने सादडा, म्हणजेच ऐन. काजवे ज्या झाडावर दाटतात आणि ज्या पाचोळ्यात त्यांची अळी व कोष असतो, त्या दोन्हींना राबाचा हात लागतो आणि तोही नेमका एप्रिल-मेमध्ये.

यावर ‘राब बंद करा’ असा फलक लावणारी संस्था दुसऱ्या वर्षी गावात दिसत नाही. राबाचा तुकडा लहान आणि दरवर्षी बहुधा तोच असतो. तिथे अळ्या राहत असण्याची शक्यताही कमी. नुकसान होते ते पाला गोळा करताना ओघळ आणि देवराईची कड झाडून नेली जाते तेव्हा, आणि राबाची आग वाऱ्याने डोंगराला लागते तेव्हा. म्हणून शेतकऱ्याशी बोलताना तीनच गोष्टी मागाव्यात: बांधावरच्या सादड्यांपैकी दोन झाडे कवळ न तोडता सोडावीत, ओढ्याच्या दोन्ही काठांवरचा पाचोळा उचलू नये, आणि राब पेटवताना भोवतीचे गवत कापून पट्टा मोकळा करावा. ज्यांना पाला आणण्याचे कष्टच नको झाले आहेत त्यांच्यासाठी गादीवाफ्यावरची, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावरची, रोपवाटिका हा पर्याय आहे आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) त्याचे प्रात्यक्षिक देऊ शकतात. मात्र तण जास्त येते हे लपवू नये, कारण पहिल्याच खुरपणीला ते कळणार आहे. निंदणीच्या मजुरीला संस्थेने हातभार लावला तर दोन-तीन कुटुंबे करून पाहायला तयार होतात.

वणव्यासाठी फेब्रुवारीपासून तयारी लागते. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढणे हे वनविभागाचे काम असले तरी गावठाणाकडच्या बाजूचे गवत वेळेत कापले गेले आहे का, हे पाहणे आणि आग दिसताच कळवण्याची साखळी बांधणे हे संस्थेला जमते. ज्या डोंगराला मार्चमध्ये वणवा लागला त्याच्या पायथ्याच्या मोजणीच्या जागा वहीत वेगळ्या दाखवाव्यात. दोन-तीन वर्षांनी या एका खुणेचा उपयोग होतो.

विषाबद्दल थोडक्यात. या भागात फवारणी तुलनेने कमी आहे, पण बांध पोखरणाऱ्या खेकड्यांसाठी भातात विष कालवून आमिष ठेवले जाते आणि भाजीपाल्याच्या तुकड्यांत गोगलगायीच्या गोळ्या टाकल्या जातात. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनचे मोठे नुकसान केले, त्यानंतर या गोळ्या दुकानांत सहज दिसू लागल्या. गोगलगाय मेली की अळीचे अन्न जाते. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे, हा उपाय लहान तुकड्याला पुरतो.

पाहुणे

पर्यटन वाईट म्हणून हात झटकणे सोपे आहे, परंतु त्या तीन-चार आठवड्यांत जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचे पैसे यांतून घराला जे मिळते ते पेरणीच्या खर्चाला लागते. म्हणून वाटाड्यांचे प्रशिक्षण संस्थेने अंगावर घ्यावे, आणि एप्रिलमध्येच घ्यावे. गाड्या गावाबाहेर थांबवून दिवे बंद करायला लावणे, बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद दुपदरी गुंडाळणे, दहा-बारांच्या गटाने मळलेली वाट न सोडणे आणि फ्लॅश मारू न देणे, एवढे वाटाड्याने ठामपणे सांगितले तरी बराच फरक पडतो. वाट सोडू नये याचे कारण मात्र प्रत्येक वेळी सांगावे: मादी बऱ्याचदा खाली गवतात असते आणि झाडावरच्या लखलखाटाकडे पाहत पुढे सरकणारा माणूस तिलाच तुडवतो. वाटाडा बहुधा गावातलाच पोरगा आणि पाहुणा पैसे देणारा, त्यामुळे नियम त्याच्या तोंडी न ठेवता ग्रामपंचायतीच्या शिक्क्याच्या पावतीमागे छापावेत. मग “साहेब, पंचायतीचा नियम आहे” एवढे म्हणून तो सुटतो.

पैसा आणि कागद

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काम टिकेल असे दिसले की नोंदणी करावी. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही होते. कार्यकारिणीत मोजणी करणारी गावातली किमान दोन माणसे असावीत. सदस्य बदलला की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. तो राहून गेला की पुढे बँकेपासून अनुदानापर्यंत सगळेच अडते. आयकर सवलतीच्या नोंदण्या आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी सनदी लेखापालाकडून करून घ्यावी. परदेशी पैसा २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणीशिवाय, ओळखीतला असला तरी, घेऊ नये.

कंपनीकडे जाताना एक अडचण येते. त्यांना झाडे लावल्याचा आकडा हवा असतो, आणि इथे झाडे लावण्यापेक्षा पाचोळा जागेवर राहू देण्यात अर्थ आहे. ‘किती हेक्टर पाचोळा उचलला गेला नाही’ हा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. म्हणून अर्ज दिव्यांच्या टोप्या, टायमर, वाटाड्यांचे प्रशिक्षण, निंदणीची मजुरी आणि मोजणी करणाऱ्या गावकऱ्यांचे मानधन अशा दाखवता येण्याजोग्या बाबींवर बांधावा. मानधन वगळू नये. रात्री दोन तास अंधारात उभे राहून आकडे लिहिणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट राबवणारी मोजणी तिसऱ्या वर्षी बंद पडते.

जुलैत मोजणीच्या वह्या गोळा झाल्या की दोन पानांचा अहवाल मराठीत लिहावा, त्यात कमी झालेले आकडेही तसेच ठेवावेत, आणि तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मोजणी करणाऱ्यांपैकीच कुणाला तरी वाचायला द्यावा. मूळ वही ग्रामपंचायतीत राहावी, एक प्रत शाळेत आणि एक आपल्याकडे. त्यानंतर त्याच आठवड्यात, पावसाने उघडीप दिली की, गमबूट घालून पन्नास मीटरचा तो बांध चालायला सुरुवात करावी.